कुटल्या पायानं

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही सीमेपलीकडे होतो. तिकडे यादवी पेटली होती आणि आमची पलटण तीत उतरली होती. माझ्या शेजारी मोडनिंबचा दोस्त. सोलापुरात भरतीला एकाच रांगेत उभे राहिलो, तेव्हापासून एका ताटात जेवायचो.

पहाटे धुक्यात हल्ला सुरू झाला. समोर भातखाचरं, पलीकडे शत्रूचे काँक्रीटचे बंकर. हुकूम एकच, पडलेल्यासाठी थांबायचं नाही. खाचराच्या मधोमध पोचलो आणि मशीनगन सुटली. दोस्ताच्या पोटात गोळ्या गेल्या. पडता पडता त्यानं माझा घोटा धरला.

"मला वढ की रं," म्हणाला.

मी दुसऱ्या पायाच्या बुटानं त्याच्या बोटांवर लाथ घातली. दोनदा. बोटं सुटली. पुढं वीस पावलंही गेलो नसेन, तोच माघारी फिरायचा हुकूम आला. मी दुसऱ्या बांधानं परतलो.

दोन दिवसांनी शत्रू आपणहून ते ठाणं सोडून गेला. दोस्त खाचरातच सापडला. पडला होता तिथून बराच अलीकडं, आमच्या दिशेनं सरपटत आलेला.

रजा मिळाल्यावर मोडनिंबला गेलो. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. वाटेत ठरवलेलं मी बोलून टाकलं, "काका, गोळी लागली तसा गेला. तरास झाला न्हाय."

"खोटं बोलू नगं. तुमच्यातला अक्कलकोटचा पोरगा दवाखान्यातनं सुटून हितं येऊन गेला. त्यानं बघितलंय." मग त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं. "सांग हिला. कुटल्या पायानं?"

मी उजवा पाय दाखवला. तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, आत गेली आणि माझं ताट वाढून घेऊन आली.

"जेव," वडील म्हणाले. भाकरी आणि शेंगाची चटणी. ताट रिकामं होईपर्यंत ते समोरून हलले नाहीत. निघताना म्हणाले, "दर साली डिसेंबरात यायचं. परत सांगायचं."

मी जात राहिलो. फौज सुटली, सोलापूरच्या गिरणीत पहारेकरी झालो, तरी डिसेंबर आला की मोडनिंबची एसटी धरायचो. सहाव्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते, ऐकूही येईना. ओरडून सांगावं लागलं, तेव्हा शेजारपाजारची माणसं दाराशी जमली. लाथेपर्यंत ऐकून त्यांनी कूस बदलली.

संक्रांतीनंतर ते गेल्याचं कार्ड आलं. वाचून मला बरं वाटलं.