पप्पांचं पोर्तुगीज वाक्य

क्वार्टर गेटजवळच्या आमच्या गल्लीतली जुनी बेकरी बंद पडली आणि तिथे कॅफे आला. गल्लीतली निम्मी घरं पूर्वी गोव्याहून आलेल्यांची; कुणाचे वडील लष्कराच्या बँडमध्ये, कुणाचे शिंपी. ते आले तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. एवढ्या भांडवलावर कॅफेच्या तरुण मालकाने निळ्या-पांढऱ्या टाइल्स लावल्या आणि कॉफीचा भाव असा ठेवला, की आम्ही गल्लीकर बाहेरूनच वास घ्यायचो.

एकदा तो आमच्या शेजारच्या आंटींकडे आला. ऐंशी उलटलेल्या आंटी मटार सोलत होत्या, मीही मदतीला बसले होते.

"आंटी, भिंतीवर पोर्तुगीजमध्ये काहीतरी लिहायचंय. एकदम ओरिजिनल. नेटवरचं नको."

"मला एकच वाक्य येतं," आंटी म्हणाल्या. "पप्पा रोज संध्याकाळी मोठ्याने म्हणायचे."

"परफेक्ट!" म्हणत त्याने ते लिहून घेतलं. अर्थ विचारायचं त्याला सुचलंच नाही.

पेंटरने वळणदार अक्षरांत भिंतभर वाक्य रंगवलं. कॉलेजच्या मुली त्याखाली फोटो काढू लागल्या. एका जोडप्याने तर अंगठ्याही तिथेच घातल्या. मला आंटींचा हेवा वाटला. माझे वडील रोज जे बोलायचे, ते भिंतीवर लिहिण्यासारखं नव्हतं.

मग एका दुपारी कॅफेत खरीखुरी पोर्तुगीज बाई आली. भिंत वाचून तिला असा ठसका लागला, की मालक पाणी घेऊन धावला. तिने अर्थ सांगितला: "दार लावा गाढवांनो, डुक्कर आत येतंय!"

मालक तडक आंटींकडे आला. मीही पोचले, असली संधी कोण सोडतं?

"तुम्हाला माहीत होतं, आंटी?"

"मग! गोव्याच्या घरी डुकरं होती. इथे नव्हती, पण पप्पांची सवय गेली नाही. तूच ओरिजिनल मागितलंस ना?"

तो भिंत पुसणार होता. पण त्या बाईने अर्थासकट फोटो टाकला आणि रविवारी बाहेर रांग लागली. मग त्याने आंटींना आणि मला कॉफीला बोलावलं.

आंटी चर्चचा फ्रॉक घालून आल्या. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या.

"पप्पा असते तर या पोराला पहिल्यांदा शिव्या घातल्या असत्या," त्या म्हणाल्या. "स्पेलिंग चुकलंय."

आणि कॉफीत चार चमचे साखर घातली.