बाई घरात होत्या तेव्हा

जावेच्या सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर लाल पुरळ उठलं, तसं सासूबाईंनी जाहीर केलं, "बाई आल्यात." आमच्या घरात गोवर-कांजिण्यांचं नाव घेत नाहीत, देवीच पोराच्या अंगावर आली असं मानतात. दाराला कडुलिंब लागला, फोडणी बंद झाली. रविवारचा तांबडा रस्सा गेला म्हणून सासरे दहीभातापुढं तोंड पाडून बसायचे आणि दर जेवणाला विचारायचे, "बाई जाणार कवा?"

बाई मजेत होत्या. ताप नावालाच होता. बाई मागतील ते द्यायचं, नाहीतर कोप होतो, हे पोरीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाईंनी आइस्क्रीम मागितलं, मोबाइल मागितला. गल्लीतल्या बायका पाया पडायला आल्या तेव्हा बाई कार्टून बघत होत्या. त्यांनी एक पाय तेवढा पुढं केला. वारणानगरहून नणंद आली, तर बाईंना आत्याची मांडी हवी झाली. ती कंटाळल्यावर काकूची, म्हणजे माझी.

मला दुसरा महिना होता. नवरा आणि सासूबाई सोडून कुणाला माहीत नव्हतं. तीन महिने भरेपर्यंत ब्र काढायचा नाही, नजर लागते, असा सासूबाईंचा दंडक. मांडी नाकारायला कारण काय सांगणार? घेतलं पोरीला.

जावेचा बाईंवर तितका विश्वास नव्हता. अंबाबाईला नेते म्हणून ती लेकीला गुपचूप डॉक्टरांकडे घेऊन गेली. पोरीची लस लहानपणी राहूनच गेली होती. रक्त तपासलं, रुबेला निघाला. जेवताना जावेनं हसत सांगितलं, "डॉक्टर इचारत हुते, घरात कोन गरवार हाय का? म्हटलं, न्हाय की!" माझा घास हातातच राहिला. सासूबाईंनी ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरांना याचा फारसा त्रास नाही, पण सुरुवातीच्या महिन्यांत आईला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय अधू होऊ शकतं. लस आता देता येणार नाही, ती दिवस राहण्याआधी निदान महिनाभर घ्यायची असते. माझं रक्त घेतलं. निकाल येईपर्यंत मला सगळ्यांचा राग येत होता, सर्वात जास्त त्या नजरेचा. नजरेपासून जपलेलं पोर आम्ही वाजतगाजत रोगाशेजारी नेऊन बसवलं होतं.

निकाल चांगला आला. शाळेतल्या मोहिमेत मला लस मिळाली होती, तिनंच राखलं. मी तिथंच हमसून रडले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"डॉक्टर, माझी लेक हिच्यापरीस आट वर्सांनी मोटी हाय. तिला शाळंत ही सुई दिली आसंल का?"

"त्यांच्या वेळी ही मोहीम नव्हती. का?"

सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तिला बी दिवस गेल्यात. माझ्याशिवाय कुनाला म्हाईत न्हाय."

त्यांनी तिथंच, भरलेल्या बाकांमध्ये उभं राहून फोन लावला. पलीकडून नणंद हळू बोल म्हणत असावी.

"कशाला हळू? ऐकू दे गावाला! पोटुशी हायस तू, पोरीला मांडीवर घिऊन बसलीवतीस. आत्ताच्या आत्ता दवाखान्याला निघ!"