वन्सं तंबू शिवतात

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पडदे शिवायचं दुकान त्यांचं. खाली रस्त्याला लागून दुकान, त्यामागे कापडाची खोली आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं. आईवडील गेले तेव्हा वन्संनी नुकतं कॉलेजात पाऊल टाकलं होतं आणि माझ्या नवऱ्याचे दुधाचे दात पडत होते. कॉलेज राहिलं, शिलाई मशीन आलं. त्या मशीनवर त्यांनी भावाला वाढवलं, शिकवलं. आता तो दोन गल्ल्या पलीकडे दातांच्या कवळ्या बनवतो. पुढे त्याचं लग्नही त्यांनीच लावून दिलं आणि मी घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "हे बघ, घाबरट आहे तो, पण मनाने सोनं आहे. काही झालं तरी परत घेणार नाही मी."

केस पांढरे, आवाज खणखणीत, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. ओठांत टाचण्या धरून त्या गिऱ्हाइकाशी भाव करू शकतात, फोनवर भांडू शकतात, एकदा तर शिंकल्याही होत्या. पण सुट्टी घेऊन कुठे गेल्याचं कुणालाच आठवत नाही. कुणी विषय काढला की "दुकान कोण बघणार?" एवढं म्हणायच्या आणि मशीन सुरू करायच्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका हॉटेलवाल्यामुळे. गच्चीवर छत करायचं म्हणून त्याने जाड, हिरवं, पाणी न झिरपणारं कापड मागवायला लावलं आणि कापड दारात आल्यावर बेत बदलला. ते भेंडोळं दुकानाच्या कोपऱ्यात उभं राहिलं. वन्सं काम करता करता त्याच्याकडे बघायच्या. न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशा. आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाल्या, "मी तंबू शिवणार आहे."

"कुणाचा?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"माझा. राष्ट्रीय उद्यानात आता तंबू ठोकून राहू देतात. मी जाणार आहे मुक्कामाला."

नवऱ्याचा हात ताटातच राहिला. "बाहेर झोपायला? का? घराला काय आग लागलीय?"

"जन्मभर लोकांच्या खिडक्या झाकल्या रे. एकदा अशा जागी झोपायचंय जिथे खिडकीच नसेल."

"ताई, तंबू म्हणजेसुद्धा कापडच. आत बसलीस की काय दिसणार?"

वन्संनी क्षणभर विचार केला. "मग त्याला खिडकी ठेवीन," म्हणाल्या.

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. नवरा एकदा माझ्याकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी नाही येणार. आधीच सांगून ठेवतो." मी म्हटलं, मी येते. खरं तर मला जंगलाची काडीचीही हौस नव्हती. पण वन्संचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि त्याचं पुढे काय होतंय ते मला जवळून बघायचं होतं.

त्या दिवसापासून घरात जणू वारं शिरलं. दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा वन्सं कापडाच्या खोलीतून उद्यानाच्या ऑफिसात फोन लावायच्या. पहिल्या फोनला फक्त जागा राखून ठेवायची होती. पण फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं की पाण्याचं विचारायचं राहिलं. पाण्याचं विचारलं तर चुलीचं राहिलं. मग अस्वलांचं. पुढे पुढे काही राहिलं नसलं तरी फोन व्हायचाच. तिकडे जे कुणी वनरक्षक फोन उचलायचे, त्यांना वन्सं 'साहेब' म्हणायच्या.

शिवणकामही जोरात चाललं होतं. वन्संनी जन्मात पडद्याखेरीज काही शिवलं नव्हतं, त्यामुळे तंबूही पडद्याच्याच वळणावर गेला. दाराला त्यांनी चुण्या घातल्या. खिडकीला आतून फुलांच्या कापडाचे दोन पडदे लावले आणि ते बांधायला गोंडे. मी म्हटलं, "वन्सं, गोंडे कशाला? तिकडे कोण बघणार?"

"हरणं बघतील," त्या म्हणाल्या. "आणि बाई, मी नुसत्या कडा मारून सोडलेलं काम नेणार नाही. अब्रूचा प्रश्न आहे."

सराव म्हणून पाठीवर कापडाचा गठ्ठा बांधून आम्ही दोघी जिना चढउतार करायचो. स्टोव्हवर भात शिजवायची तालीम बाल्कनीत झाली. वाऱ्याने स्टोव्ह विझला आणि तांदूळ कच्चेच राहिले, तरी वन्संनी ते मिटक्या मारत खाल्ले आणि "बाहेरच्या हवेत भूकच वेगळी लागते," असं जाहीर केलं. बाहेरची हवा म्हणजे आमची बाल्कनी. समोर वायरी आणि खाली गॅरेज.

मग आला रविवार. दुकानाला सुट्टी होती. कापड बेतायचं मोठं टेबल भिंतीला सरकवून आम्ही दुकानातच तंबू उभा केला. बांबूऐवजी पडद्यांचे रॉड लावले होते आणि दोऱ्या टेबलाच्या पायांना बांधल्या होत्या. वन्सं आणि मी आत जाऊन बसलो. आत हिरवा उजेड पडला होता, नव्या कापडाचा वास येत होता आणि आम्हाला उगीचच, शाळा बुडवल्यासारखं हसू येत होतं.

"आता अस्वलाची तालीम," वन्संनी आतून हुकूम सोडला. "साहेबांनी सांगितलंय, पळायचं नाही. शांतपणे, मोठ्याने बोलायचं आणि सावकाश मागे सरकायचं. चल रे, तू अस्वल हो."

"मी?" नवरा बाहेरून म्हणाला.

"मग आणखी कोण आहे?"

नवरा आधी लाजला. चोरून खोकल्यासारखं एकदा गुरगुरला. "हे काय मांजर आहे का?" वन्सं ओरडल्या. मग मात्र त्याच्या अंगात आलं. तो हातापायांवर रांगत, फुरफुरत, तंबूला ढुशा देत फिरायला लागला. आत आमची हसून हसून पुरेवाट. शांतपणे बोलायचं राहिलंच बाजूला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नेमका त्याच वेळी दुकानाचा दरवाजा उघडला. आम्ही कडी लावायला विसरलो होतो. समोरच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या हॉलच्या पडद्यांचं विचारायला आल्या होत्या. तंबूच्या खिडकीतून मला त्यांचे फक्त बूट दिसले. ते दारातच थिजले होते. आणि माझा नवरा पाठमोरा असल्यामुळे आणखी जोरात गुरगुरला.

"कोण आहे?" वन्संनी आतून विचारलं.

"मी... पडद्यांचं..." बाईंची बोबडी वळली होती.

"घाबरू नका हो," वन्सं गोड आवाजात म्हणाल्या. "आमचं अस्वल आहे."

बाईंनी मात्र सगळं नियमाप्रमाणे केलं. "बरं, बरं, अस्वल आहे, छान आहे, मी उद्या येते," असं मोठ्याने, शांतपणे बोलत त्या सावकाश मागे सरकल्या आणि दार ओढून घेतलं. माझ्या नवऱ्याने मागे वळून पाहिलं आणि लाजून जो झटक्यात उभा राहिला, तो रॉडवरच आदळला. सगळा तंबू आमच्या अंगावर आला. बाहेर पडायला वाट सापडेना, कारण हसण्यामुळे हातात जोरच उरला नव्हता.

त्यानंतरही तो येणार नाही म्हणतच होता. त्याचा बेत बदलला तो एका दुपारच्या फोनमुळे. तो जेवायला घरी आला तेव्हा कापडाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. वन्संचं बोलणं ऐकून तो जिन्यातच थांबला आणि मला खुणेने बोलावलं.

"नाही हो साहेब, तुम्ही म्हणालात तसंच केलं," वन्सं आत बोलत होत्या. "... इश्श! या वयात? ... हो, तुम्ही भेटलात की दाखवीन ना ... तुमच्याशी बोललं की दिवस कसा छान जातो." आणि मग त्या हसल्या. गिऱ्हाइकासमोरचं हसणं नव्हे. हे हसणं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

नवऱ्याने मला हाताला धरून वर नेलं. "हा साहेब कोण आहे?"

"वनरक्षक आहेत. फोन उचलतात."

"रोज? जगातले सगळे लोक उद्यानाला फोन करतात, त्यांच्याशी हा असाच बोलतो? ताई 'इश्श' म्हणाली! मी जन्मात ताईला 'इश्श' म्हणताना ऐकलं नाहीये."

"अहो, असेल काही चांगलं तर वाईट काय त्यात?"

"वाईट काहीच नाही," तो येरझाऱ्या घालत म्हणाला. "पण माणूस बघायला नको? बोलायला कसा आहे, घरी कोण कोण आहे, दात कसे आहेत?" कवळ्या बनवणाऱ्याला माणसाची पहिली परीक्षा तिथेच सुचते. "मी येतोय. आईवडिलांच्या जागी आता मीच आहे."

वन्संना त्याने फक्त एवढंच सांगितलं, की दोघी बायकाच जाणार म्हणून काळजी वाटते. "बरं," वन्सं टाचण्यांतून म्हणाल्या आणि मशीनवर वाकल्या.

निघायच्या दिवशी आम्ही दोघी जुने कपडे घालून तयार होतो, आणि नवरा नवा कोरा इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून खाली उतरला. "अस्वलाला स्थळ दाखवायला चाललायस का?" वन्संनी विचारलं. बसमध्ये तो माझ्या कानात कुजबुजत होता, "आधी नोकरी कायम आहे का ते विचारू, की आधी तब्येतीचं?"

उद्यानाचं फाटक आलं. एका लाकडी खोलीतून गुडघ्यापर्यंत चिखल माखलेली, आखूड केसांची, तिशीतली एक बाई धावतच बाहेर आली. "आलात! अहो, किती वाट बघितली!" म्हणत तिने वन्संना मिठीच मारली. वन्सं तिच्या पाठीवर थोपटत होत्या.

माझा नवरा शर्ट नीट करत पुढे झाला. "नमस्कार. साहेब कुठे आहेत?"

"कोणते साहेब?"

"ते... रोज फोनवर बोलतात ते. वनरक्षक."

"मीच ती," ती म्हणाली. "तुमच्या ताई मला साहेब म्हणतात. मी नको म्हटलं, पण ऐकत नाहीत."

माझं तोंड उघडंच राहिलं. नवऱ्याने सावकाश मान वळवून बहिणीकडे पाहिलं. वन्संच्या डोळ्यांत खट्याळ पोरीसारखा मिश्किलपणा मावत नव्हता.

"तू मुद्दाम?" तो म्हणाला. "आणि ते 'इश्श'?"

"ही मला झाडावर चढायला शिकवते म्हणत होती. मग इश्श नाही म्हणणार तर काय! तुझी पावलं जिन्यात थांबली ते मला कळलं होतं. म्हणून जरा जास्त हसले." त्यांनी त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली. "नाहीतर तू आला असतास का? तुला सोडून मी मजा केली असती, तर ती मला गोड लागली असती का रे?"

नवऱ्याने तोंड फिरवलं. मला वाटलं, रागावलाय. पण त्याचे खांदे हलायला लागले आणि तो तिथेच फाटकाला टेकून असा हसत सुटला की वनरक्षकबाईंनी त्याला पाणी आणून दिलं.

तंबू ठोकताना त्या बाईंना गोंड्यांचं भारी कौतुक. पण रॉड मऊ मातीत टिकेनात, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडचे खांब दिले आणि गाठ कशी मारायची ते शिकवलं. नव्या शर्टाची माती झाली. संध्याकाळी आम्ही ओढ्यात पाय सोडून बसलो. वन्संनी गार पाण्यात पाय घातले आणि अशी किंकाळी फोडली की समोरच्या काठावरचा हरणांचा कळप पांगला, मग पुन्हा जमून आमच्याकडे बघत उभा राहिला. भात त्या दिवशी नीट शिजला. जेवल्यावर आम्ही तिघं तंबूत आडवे झालो, खिडकीचे पडदे बाजूला सारले आणि बोलता बोलता कधी झोपलो ते कळलंच नाही.

सकाळी परतीची बस होती. मी अंथरुणं गुंडाळत होते, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "तुम्ही दोघं पुढे व्हा. मी राहतेय."

"म्हणजे?" नवरा म्हणाला. "एकटी?"

"एकटीच. साहेबांना विचारलंय मी, जागा रिकामी आहे. दुकान उघडू नका. दारावर पाटी लावा, मालकीणबाई बाहेरगावी गेल्यात म्हणून." ते 'बाहेरगावी' त्यांनी पेढा तोंडात विरघळवावा तसं म्हटलं. "तुला मोठं केलं, हिला घरी आणलं, सगळं झकास झालं. आता एक दिवस मला कुणाला उठवायचं नाहीये, कुणाला जेवायला हाक मारायची नाहीये."

नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. "बरं ताई," तो म्हणाला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून त्यांच्या पाया पडला. वन्संनी त्याला टपली मारली.

बस सुटली तेव्हा आम्ही दोघांनी खिडकीतून हात हलवला. पण वन्संचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. एक खार त्यांचा पाव तोंडात धरून उतारावर पळत होती आणि वन्सं साडी खोचून, "अगं ए, अर्धा तरी ठेव!" असं ओरडत तिच्यामागे धावत सुटल्या होत्या.