जलचक्राचा तक्ता

पनवेलच्या एका बी.एड. कॉलेजात पाठ्यसाहित्याचं ग्रंथालय मी सांभाळते. शाळेची पुस्तकं, नकाशे, तक्ते तिथे असतात आणि शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी सराव पाठासाठी ते घेऊन जातात. जलचक्राचा तक्ता सगळ्यात जास्त जायचा. मला त्याचं समाधान वाटायचं.

एकदा उलव्याहून येणारी एक विद्यार्थिनी तो परत द्यायला आली. तिचा पाठ छान झाला होता, निरीक्षक बाईंनी शेराही चांगला दिला होता, तरी ती खूश दिसत नव्हती. मी कारण विचारलं.

"मॅडम, मी तक्ता लावला आणि एक मुलगी म्हणाली, टीचर, आता वर जाणारे बाण कसले ते विचारा ना. त्यांना सगळी उत्तरं आधीच येत होती."

मी देवघेवीची वही काढली. तिने पाठ घेतला त्या खांदा कॉलनीतल्या शाळेत, त्याच वर्गात तो तक्ता त्या वर्षी चौथ्यांदा गेला होता. दर वेळी सही माझीच होती. मी तिला तसं सांगितलं.

"म्हणजे मी काहीच शिकवलं नाही," ती म्हणाली.

तेव्हापासून साहित्य देण्याआधी मी शाळा आणि वर्ग विचारून वही तपासते आणि तिथे आधी गेलेला तक्ता देत नाही. पुष्कळांना ते आवडत नाही.