पानाचं तबक, दुसऱ्यांदा

पायाकुम्बुच्या बाजारात मार्दानिसमामांचं शिंप्याचं दुकान आहे. गळ्यात टेप, कानावर खडू आणि जिभेला अजिबात लगाम नाही, असा हा माणूस. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणार, "पोट कमी करा, नाहीतर कापड जास्त आणा." बहीण रोस्नेली हिच्या घरी गेले की मात्र त्यांची चालच बदलायची. पाठ ताठ, बोलणं सावकाश. तिथे ते शिंपी नव्हते, मामा होते.

सुमात्रा बेटावरच्या आमच्या मिनांग मुलखात घर आईचं, शेत आईचं आणि मुलंही आईच्या घराण्याची. पुरुष लग्न होऊन बायकोच्या घरी नांदायला जातो. तिथे त्याला मान भरपूर, पण मत कुणी विचारत नाही. मत द्यायचं ते बहिणीच्या घरी, भाचरांच्या बाबतीत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मार्दानिसमामांनाही कधी वाटलं नव्हतं.

भाची येल्नी म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. तिला शाळेत त्यांनी घातलं, इंग्रजीची शिकवणी त्यांनी लावली आणि ऑस्ट्रेलियातल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला तेव्हा शेजारच्या सगळ्या दुकानदारांना अंडं फेटलेला चहा त्यांनीच पाजला. तिला अठरावं पुरं व्हायचं होतं, म्हणून व्हिसाच्या अर्जाला पालकांची संमती लागत होती. मामांनी रोस्नेलीची सही घेतली आणि तिच्याखाली मोठ्या झोकात स्वतःची ठोकून दिली. भाचीचा पालक मामा नाही तर कोण?

चार दिवसांनी पाडांगहून फोन आला. व्हिसाचे अर्ज पाठवणाऱ्या कचेरीतली बाई बोलत होती. बाई मूळची जावाची, तिला आमची मिनांग रीत कुठून ठाऊक असणार.

"मुलीचे वडील हयात आहेत ना?"

"आहेत की. चांगले धडधाकट आहेत."

"मग पालक म्हणून तुमची सही कशी?"

"अहो, मी मामा आहे तिचा!"

"मामांना नमस्कार," बाई म्हणाली, "पण तिकडच्या साहेबाला मामा समजत नाही हो. वडिलांना इथे येऊन सही करू दे, तीही याच आठवड्यात. नाहीतर मुलीचं हे वर्ष गेलं म्हणून समजा."

मामांनी फोन ठेवला आणि पुढ्यातल्या पायजम्याचा एक पाय उलटा शिवला.

येल्नीचे वडील अस्रिल. पण सासरी त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. लग्नात मिळालेल्या किताबानं सगळे त्यांना 'सुतान' म्हणत. जेवायला बसले की माशाचा मधला तुकडा सुतानांच्या ताटात आणि मऊ गादी सुतानांच्या खाली. माणूस अबोल. पहाटे शेतावर जायचा, संध्याकाळी यायचा, लेकीची सायकल पुसून ठेवायचा. आणि नेमके आत्ता ते घरी नव्हते. येल्नी ऑस्ट्रेलियाला जाणार हे मामांनी भरल्या पंगतीत उभं राहून जाहीर केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ते आपल्या आईच्या गावी निघून गेले होते. "कापणीला जातो," म्हणाले. कापणी होऊन महिना लोटला होता. सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणीच नाही.

रात्री बहिणीकडे जेवताना मामांनी फोनचं सांगितलं. "मी फोन करते त्यांना," रोस्नेली म्हणाली. "येतील, सही करतील. नाही म्हणायचा स्वभाव आहे का त्यांचा?"

येल्नी भरल्या ताटावरून उठली. "म्हणूनच कुणी विचारत नाही ना त्यांना! मामा, मी जाणार हे बाबांना तुमच्या भाषणातून कळलं. मीसुद्धा आधी सांगितलं नाही. तुम्हाला विचारलं म्हणजे झालं, असं वाटलं मला." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

मामांनी ताट बाजूला सारलं. बायकोच्या घरी परतताना त्यांना आपली स्वतःची लेक आठवली, मिर्ना. ती नर्सिंगला जाणार हे त्यांना कळलं होतं ते तिचा पांढरा गणवेश दुकानात शिवायला आला तेव्हा. ठरवलं होतं तिच्या मामानं, म्हणजे रीतीप्रमाणेच. त्यांनी मुकाट्यानं माप घेतलं होतं आणि गणवेश झकास शिवला होता. आपल्याला कुणी विचारलं नाही हे त्या दिवशी किती लागलं होतं, ते त्यांना आज नीट आठवलं.

सकाळी त्यांनी काळी टोपी चढवली आणि बहिणीकडे जाऊन पानसुपारीचं पितळी तबक मागितलं.

"तबक? आता कुणाचं लग्न काढलंस?" रोस्नेली बघतच राहिली. हे तबक मागणी घालायला जाताना काढायचं. आमच्यात मुलीकडचे मुलाला मागायला जातात.

"जुनंच आहे," मामा म्हणाले.

सुतानांची आई, नुर्जनाआजी, पायरीवर ऊन खात बसली होती. तबक पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला. "अगंबाई, मार्दानिस! माझा मुलगा एकदा मागून नेलास ना? की परत करायला आलास? वापरलेला माल मी घेणार नाही हं!"

"परत नाही करत, आजी. पुन्हा मागायला आलोय."

अस्रिल मागच्या दारानं आले. पाय चिखलानं भरलेले. मामांनी तबकावरचं कापड काढलं आणि ते त्यांच्यापुढे सरकवलं.

"सुतान, याच ओसरीवर मी तुम्हाला रोस्नेलीसाठी मागितलं होतं. आज येल्नीसाठी मागतो. तिला बाप हवाय."

"व्हिसाला हवाय," अस्रिल शांतपणे म्हणाले.

"व्हिसाला सही हवी होती. ती फोनवरही मागता आली असती."

अस्रिल तबकासमोर टेकले.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

पोरीची सगळी मेहनत त्या एका शब्दावर येऊन ठेपली होती. एरवी मामांनी आवाज चढवला असता. "तर ती जाणार नाही," ते म्हणाले. "आणि तेही मीच भरल्या पंगतीत उभं राहून सांगेन. तिच्या बापाची इच्छा नाही म्हणून."

अस्रिल पानांकडे पाहत राहिले. "दादा, लेक जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या होय-नाहीला काही किंमत आलीय. आजचा दिवस ती किंमत माझ्याजवळ राहू द्या."

पान उचललं म्हणजे होकार; त्यांनी ते उचललं नाही. उद्या सकाळच्या पाडांगच्या गाडीची वेळ सांगून मामा तबक तिथेच ठेवून परत आले. त्या दिवशी दुकानात त्यांनी कुणालाही टोमणा मारला नाही, तेव्हा समोरच्या भाजीवालीनं विचारलं, "बरं नाही का, मामा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि येल्नी पाडांगच्या गाडीपाशी उभे होते. येल्नीचं लक्ष रस्त्याकडे. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. तेवढ्यात पलीकडून अस्रिल येताना दिसले, इस्त्रीच्या शर्टात, तबक फडक्यात बांधून छातीशी धरलेलं. एरवी पानाला न शिवणाऱ्या त्या माणसाचे ओठ लालभडक झाले होते. येल्नी धावत गेली आणि भर रस्त्यात बापाच्या गळ्यात पडली. मामांनी ड्रायव्हरला दम भरला, "थांब की जरा! विमान आहे का तुझं?"

कचेरीत बाईंनी विचारलं, "मुलीचे कोण तुम्ही?"

अस्रिलनी एकदा मामांकडे पाहिलं. मामा भिंतीवरचा नकाशा बघत होते.

"बाप," ते म्हणाले, जरा मोठ्यानंच, आणि सावकाश सही केली.

व्हिसा आला त्या दिवशी अस्रिल पहिल्यांदा मामांच्या दुकानात आले, तेही धापा टाकत. "मिळाला, दादा! येल्नीचा आत्ता फोन आला होता." मग एकदम ओशाळले. "आधी तुम्हाला करायला हवा होता तिनं. चुकलंच पोरीचं."

मामांना लागलं, चांगलंच लागलं. "काही चुकलं नाही," ते म्हणाले आणि गळ्यातल्या टेपच्या टोकानं डोळे पुसले. "बसा, सुतान. चहा मागवतो."

संध्याकाळी ते बायकोच्या घरी आले तेव्हा मिर्ना गणवेशाला इस्त्री करत होती. रोजच्यासारखे आपल्या गादीवर जाऊन न बसता ते तिच्यासमोर उभे राहिले.

"मिर्ना, तुला नर्सच व्हायचं होतं का गं?"

"मामांनी ठरवलं ना, बाबा."

"ते ठाऊक आहे मला. मी तुला विचारतोय."

मिर्नानं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. बापाकडे नीट पाहिलं. "फार उशिरा विचारलंत," ती म्हणाली, आणि पायानंच त्यांची गादी जवळ ओढली. "बसा. सांगते."