वाट दुरुस्तीचे रविवार

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते आणि एका कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरी करत होते. ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली असं नाही. एक शब्द उरला, "च्यायला". तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यासमोर कधी वावगा शब्द काढला नव्हता. आता भूक लागली की च्यायला, नको असलं की च्यायला, समाचाराला आलेल्या माझ्या मावशीलाही च्यायला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बाकीची भाषा जाते आणि तोंडातून आपोआप येणारे असले शब्द कधीकधी राहतात. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. "ते मधेच रडतील, मधेच हसतील. त्याचा अर्थ लावत बसू नका. त्याला अर्थ असेलच असं नाही."

मी ते औषधांच्या वेळांखाली लिहून घेतलं.

नोकरी सोडली. आम्हाला मूल नाही, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. साडेपाचला उठायचं, ह्यांना उठवून बसवायचं, तोंड धुवायचं, भरवायचं, व्यायाम, दुपारची झोप, परत व्यायाम. लोक मला विचारायचे, "तुम्ही कशा आहात?" मी म्हणायचे, "ठीक." ते खरंही होतं. मला दुःख होत नव्हतं. शेजारणीने एकदा मटारची उसळ आणून दिली आणि संध्याकाळी विचारलं, कशी झाली होती? डबा धुऊन पालथा घातलेला होता, म्हणजे आम्ही ती खाल्ली होती. मला मात्र काही आठवेना. मी म्हटलं, "छान झाली होती."

खाली पार्किंगमध्ये ह्यांची जीप धूळ खात उभी होती. जुनी, कापडी टपाची, चारही चाकांना ताकद देता येणारी. हे एका कंपनीच्या डिझाइन विभागात होते आणि रविवारी जीपवाल्यांच्या क्लबात. दहा-बारा जण होते, सगळे असेच, आठवडाभर ऑफिसात बसून रविवारी चिखलात गाड्या घालणारे. मी कधी गेले नाही. मला गाडी चालवता येत होती, पण ह्या जीपला ह्यांनी मला हात लावू दिला नव्हता. "तुला नाही झेपायची," असं एकदा म्हणाले होते, आणि मीही परत विचारलं नाही.

झटक्यानंतर आठ महिन्यांनी क्लबचे अध्यक्ष घरी आले. ते निवृत्त इंजिनिअर होते, बोलायला सावकाश. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं ते असं. वारज्याच्या पुढे वनखात्याची टेकडी आहे. तिथल्या कच्च्या वाटेवर क्लबने आदल्या पावसाळ्यात गाड्या घातल्या. ओल्या मातीत चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या, त्या चाकोऱ्यांचे ओढे झाले, आणि टेकडीवरचं सगळं पाणी पायथ्याच्या एका शेतात शिरलं. शेतकऱ्याने वनखात्याच्या गार्डकडे तक्रार केली. गार्डने सगळ्यांना बोलावून घेतलं.

"आम्ही शब्द दिलाय, वहिनी," अध्यक्ष म्हणाले. "वाट आम्ही बिघडवली, आम्हीच दुरुस्त करणार. दर रविवारी. वर दगड न्यायला ह्याची जीप लागेल, तिची मागची बाजू उघडी आहे. किल्ली द्याल का?"

हे खुर्चीत बसून ऐकत होते. किल्ली म्हटल्यावर डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर आपटला. "च्यायला!"

"नाही म्हणतोय का?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "मी आणते जीप. ह्यांनाही आणते."

हे मी का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही. धाडस वगैरे काही नव्हतं. घरी बसून जे करायचं तेच तिथे बसून करायचं, इतकाच हिशेब होता. दोन आठवडे सकाळी लवकर मी जीप रिकाम्या रस्त्यांवर फिरवून पाहिली. क्लच कडक होता. गुडघा दुखायचा. बाकी झेपत होती.

पहिल्या रविवारी ह्यांना डाव्या सीटवर बसवून माझ्या जुन्या ओढणीने सीटला बांधलं, कारण तोल जायचा. टेकडीच्या गेटवर गार्ड उभी होती. खाकी कपड्यातली सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं, आणि विचारलं, "काकू, ह्यांना ऊन चालतं का?" मी चालतं म्हटलं. तिने वहीत जीपचा नंबर लिहिला आणि गेट उघडलं.

तिनेच आम्हाला काम शिकवलं. आमचे इंजिनिअर लोक चाकोऱ्या मातीने बुजवायला निघाले होते. ती म्हणाली, "बुजवून काय उपयोग? पहिल्याच पावसात माती खाली. आधी पाणी वाटेवरून बाजूला काढा." मग वाटेला तिरपे आडवे दगड बसवायचे, त्यांच्या वरच्या अंगाला उथळ चर काढायचा, म्हणजे पाणी तिथे अडून कडेला उतरतं. दगड अर्धा जमिनीत गेला पाहिजे. ती बसवलेल्या प्रत्येक दगडावर उभी राहून उडी मारायची. हलला तर, "काढा परत." एका आयटीतल्या मॅनेजरने तोच दगड चार वेळा बसवला. दुपारी तो म्हणाला, "आमचा क्लायंट बरा."

मी वर-खाली दगड वाहायचे. भरून दिले की वर न्यायचे, रिकामी जीप खाली आणायची. मधल्या वेळात घाणेरीची झुडपं उपटायचे, ह्यांना पाणी पाजायचे. हे समोर बघत बसायचे. कधी गिरिपुष्पाच्या झाडांकडे, कधी नुसतंच. त्यांना बरं वाटत होतं का ते कळायला मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी तो शोधतही नव्हते.

तिसऱ्या रविवारी तो शेतकरी आला. सत्तरीचा, डोक्याला टोपी, हातात काठी. त्याचं गाव केव्हाच शहरात गेलं होतं, जमीन बिल्डरांना गेली होती. टेकडीखालचं हे एकच वावर त्याने ठेवलं होतं. तो काठीवर रेलून आमचं काम बघत होता.

"गाड्या लई भारी हायेत तुमच्या," तो अध्यक्षांना म्हणाला. "पन समदं पानी माज्या पालकात आलं व्हतं. वाफं गेलं वाहून."

"चूक झाली," अध्यक्ष म्हणाले.

"झाली ना. मंग करा नीट." असं म्हणून तो जीपजवळ आला आणि ह्यांना विचारलं, "तुमी काय बसून ऱ्हायलाय?"

"च्यायला," हे म्हणाले.

मी पुढे होऊन सांगितलं, बाबा, त्यांना बोलता येत नाही, राग मानू नका. म्हाताऱ्याने मान डोलावली. "बोल्लं की आत्ता," म्हणाला, आणि जीपच्या पायरीवर बसून तंबाखू मळायला लागला.

पाऊस सुरू व्हायच्या आत वरचं वळण पुरं करायचं होतं, पण दोन वळवाच्या सरी येऊन गेल्या आणि माती ओली झाली. त्या रविवारी मी शेवटची खेप घेऊन चढत होते. मागे दगड, शेजारी हे. वळणावर मागचं डावं चाक जुन्या चाकोरीत उतरलं आणि जीप हे बसले होते त्या बाजूला कलली. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी फिरलं, चिखल उडाला, जीप आणखी कलली. ह्यांचं अंग ओढणीवर लोंबल्यासारखं झालं.

सगळे ओरडत धावले. "वहिनी, ब्रेक! ब्रेक दाबून ठेवा!" दोघांनी बाहेरून ह्यांना आधार दिला. क्लबातला तो मॅनेजर माझ्या बाजूला आला. "तुम्ही उतरा, मी काढतो बाहेर."

मी उतरायला वळले, तर ह्यांनी डावा हात समोरून आडवा आणून माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"वहिनी, उतरा," तो परत म्हणाला.

"च्यायला," हे म्हणाले. हात सोडला, दोन बोटं वर केली, मग तळहात पालथा करून हळूहळू खाली नेला.

"दुसरा गिअर म्हणतोय," अध्यक्ष मागून म्हणाले. "चारही चाकं लो मध्ये टाका, दुसरा घ्या, क्लच अगदी हळू सोडा. ॲक्सिलरेटरवर पाय नको."

मी तसं केलं. जीप थरथरली, थांबते की काय वाटलं, आणि मग स्वतःच्याच जोराने, कसलीही घाई न करता वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला." मी घड्याळात पाहिलं, दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ह्यांच्या गोळीला चाळीस मिनिटं होती.

ह्यांच्याकडे पाहिलं तर ते रडत होते. तोंड वाकडं होऊन, आवाज न करता. मी रुमालाने डोळे पुसले, लाळ पुसली. अर्थ लावत बसू नका, असं सांगितलं होतं, आणि मी नाही लावला. दगड उतरवून घेतले आणि आम्ही खाली आलो.

त्या मनगटाचा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला आहे. मी जीप चालवावी म्हणून धरलं, की पडण्याच्या भीतीने जे हाताला लागलं ते धरलं? बोटं तर नक्की दाखवली होती. मनगटाचं सांगता येत नाही.

पावसाळा जोराचा झाला. आम्ही छत्र्या घेऊन पायी वर जाऊन पाहून यायचो. दगड बसले होते, पाणी जिथे काढलं होतं तिथूनच उतरत होतं. म्हाताऱ्याच्या वावरात मेथी आली. त्याने क्लबाला दोन पिशव्या भरून दिली आणि अध्यक्षांना म्हणाला, "आता बिघडवू नगा."

दिवाळीनंतर गेटवर पाटी लागली. वाट चांगली झाली आहे, झाडोरा येतो आहे, म्हणून सर्व वाहनांना बंदी. गार्ड स्वतः चेहरा पाडून उभी होती. "वरून आदेश आलाय, काकू. तुम्ही काम इतकं चांगलं केलं म्हणूनच आला."

टेकडीखालच्या चहाच्या टपरीवर क्लबची बैठक झाली. दोघेतिघे चिडले होते. आम्ही घाम गाळायचा आणि आम्हालाच बंदी? एकाने मार्ग सुचवला. ह्यांच्या नावाने अर्ज करायचा. आजारी माणूस आहे, चालता येत नाही, गाडीशिवाय वर जाता येत नाही. एका गाडीला परवानगी मिळाली की पुढचं बघता येईल.

"वहिनी, तुम्ही सही करा फक्त."

सगळे माझ्याकडे बघत होते. हे जीपमध्ये बसून बिस्किट खात होते.

"नको," मी म्हटलं.

"का पण? त्याच्यासाठीच तर."

"बंदी म्हणजे बंदी. त्यात आम्हाला कशाला घालता?"

त्यांना वाटलं मी तत्त्वाची गोष्ट करते आहे. एकाने तसं बोलूनही दाखवलं, कौतुकाने. तसं नव्हतं. मला तो अर्ज, त्याची फाइल, त्याचे हेलपाटे नको होते. परीक्षा विभागात तीस वर्षं तेच केलं होतं. ह्यांना वर जायचं होतं का, हे विचारायचं माझ्या लक्षातही आलं नाही. घरी आल्यावर आलं. तेव्हा विचारलं. "अहो, वर जायचं होतं का तुम्हाला?" ते भिंतीकडे बघत राहिले. त्या दिवशी तो एक शब्दसुद्धा आला नाही.

क्लबातले निम्मे लोक दुसरीकडच्या वाटा शोधायला गेले. आम्ही पाच-सहा जण राहिलो. मी जीप गेटपाशी सावलीत लावायचे, ह्यांना ओढणी बांधायचे आणि फावडं घेऊन पायी वर जायचे. दोन तासांनी उतरायचे. तेवढा वेळ म्हातारा येऊन पायरीवर बसे. तो एकटाच बोलायचा. भाच्याची जमीन, बिल्डरचा फ्लॅट, गुडघे, सून. मधेच हे म्हणायचे, "च्यायला." आणि म्हातारा म्हणायचा, "मंग सांगतोय काय!" वरून उतरताना मला त्यांचे आवाज ऐकू यायचे. एकदा मी शेवटच्या वळणावर जरा थांबले आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत खाली गेले नाही.

पुढच्या पावसाळ्यात ह्यांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सगळं शांतपणे झालं. क्लबातले सगळे आले, सोडून गेलेलेसुद्धा. अध्यक्षांनी पुढे होऊन सगळं पाहिलं. मी रडले नाही, आणि माझ्या नणंदेला ते आवडलं नाही.

चौथ्या दिवशी म्हातारा घरी आला. वारज्याहून स्वारगेट, तिथून परत दुसरी बस, पत्ता विचारत विचारत. त्याला वाट लांब पडली असणार, उलट्या बाजूने आला होता. मी त्याला ह्यांच्या खुर्चीत बसवलं, कारण दुसरीवर कपडे होते. तो पाणी प्यायला.

"लई समजून घ्यायचा मानूस," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"कदी मदी बोल्ला न्हाई."

मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रडला. मी समोर बसून होते. त्या रडण्याचा अर्थ लागत होता. मला तो नीट कळत होता, जसं पुस्तकातलं वाक्य कळतं, आणि तरी तो माझ्यापर्यंत येत नव्हता. मी उठून चहा टाकला. साखर किती, विचारलं. दोन चमचे, म्हणाला.

जाताना दारात त्याने विचारलं, "रैवारी येनार का?"

"बघते," मी म्हटलं.

जीप मी पुढे क्लबातल्याच एकाला दिली. टेकडीवर मात्र दोन-तीन महिन्यांनी गेले, बसने. गार्डची बदली झाली होती, नवीन मुलगा होता, त्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि काय काम येतं विचारलं. मी म्हटलं, दगड बसवता येतात. त्याने पहार दिली. वर तीन दगड सुटले होते. दोन मी दुपारपर्यंत बसवले आणि त्यांच्यावर उभी राहून पाहिलं. तिसरा मोठा होता, त्याला दुसरं कोणीतरी लागणार होतं. मी सावलीत बसून डबा उघडला. भेंडीची भाजी होती, जरा खारट झालेली.