जेवणाच्या सुट्टीतला गोल

गिरणीत आम्हाला जेवायला अर्धा तास मिळायचा. पण तो भोंग्याचा अर्धा तास. आमची सुट्टी संपायची ती माझ्या मैत्रिणीचं जेवण संपलं की. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला आवडणार नाही, आणि तिच्या सुनेला तर नाहीच नाही.

हे असं का, ते आधी सांगते. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावतात ना तेव्हा, बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवायला बसल्या की सगळ्यात हळू खाणारीचं होईपर्यंत एकही बाई उठत नाही. हात सुकले तरी चालतात, पण उठायचं नाही. एक उठली की मागे राहिलेलीला घास गिळताना लाज वाटते, असं जुन्या बाया सांगत. शेतमालक धुऱ्यावर उभा राहून कितीही खाकरो, त्याचं कोणी ऐकत नसे. फक्त शेतात गोल दोन असत. आम्हा विहाराकडच्या बायांचा एक आणि देवळामागच्या बायांचा एक. दोन्ही गोलांत अंतर एवढं की इकडचं बोलणं तिकडे ऐकू जाईल, पण इकडची भाजी तिकडे जाणार नाही. त्यावरून भांडण कधी झालं नाही. तसंच होतं, आणि आम्हीही तसंच बसत होतो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा लोक म्हणाले, गेल्या साऱ्या गिरण्या तिकडे, आपल्याकडे उरला नुसता धान. पण लाखनीच्या पुढे, हायवेला लागून, एका शेठने नवी राइस मिल टाकली. आमच्या गावातून तिथे पायी जाता यायचं. आम्हाला शेत नव्हतं. रोवणा आणि कापणी सोडली तर बाकीच्या वर्षात हाताला काम नसे. बाया तासावर घेतात असं कळलं आणि मी गेले. पाहते तर देवळामागच्या बायाही आलेल्या.

काम सोपं दिसायचं. रबरी पट्ट्यावरून तांदूळ वाहत येई, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही बसलेल्या, आणि वाहत्या तांदळातून खडे आणि काळे दाणे उचलायचे. पहिल्या दिवशी मला उलटीसारखं झालं. पट्टा पुढे जाई आणि वाटे आपणच मागे चाललोय. समोर बसलेली बाई हसली आणि हाताने खूण केली, पट्ट्याकडे नको पाहू, दाण्याकडे पाहा. मशीनच्या आवाजात बोलणं कुठलं ऐकू येतंय! तीच ही माझी मैत्रीण. एकाच गावच्या आम्ही, तोंडओळख होती, पण बोलणं म्हणजे "कुठं निघाल्या?" आणि "बाजारले", एवढंच.

दुपारी भोंगा झाला. गिरणीच्या मागे टिनाचं एक शेड, त्याला सावली एका बाजूलाच, दुसरीकडे कोंड्याचा ढीग. सगळ्या बाया डबे घेऊन उभ्या राहिल्या. दोन गोलांना जागाच नव्हती. कोणी बसेना.

तेव्हा ती म्हणाली, "बसा ना वो! का डब्यायचं लगन लावून राहिल्या?"

आणि बसली फतकल मारून. तिच्या शेजारी जागा होती, तिथे मी बसले. मग सगळ्याच बसल्या. तिने डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या होत्या, चिंच घातलेल्या. मी तिच्याकडे पाहिलं.

"घे ना. काय पाहतं? खाज नाही येत, चिंच हाय त्यात."

मी घेतली. मग माझ्या डब्यातली झिंग्याची चटणी मी पुढे करावी की नाही, हा प्रश्न पडला. तिनेच बोटाने उचलली आणि डोळे मिटून म्हणाली, "मायबाई! इतके दिवस कुठं लपवली होती वो ही?"

आता ती खायची कशी, ते सांगायला हवं. दिवसभर तांदळातले खडे निवडायची, तशीच जेवताना प्रत्येक घासातही निवडायची. बोटांनी भात चाचपायचा, घास वळायचा, तो पुन्हा पाहायचा, मग तोंडात. आमचे डबे धुऊन व्हायचे तरी तिचा अर्धा भात शिल्लक. आणि बोलणं चालूच. सासूच्या गोष्टी, म्हशीच्या गोष्टी, दोन्ही एकाच सुरात, त्यामुळे लाथ कोणी मारली ते मधूनच विचारावं लागे. आम्ही हसत बसून राहायचो. भोंगा व्हायचा, तरी आम्ही तिथेच.

सुपरवायझर पोरगेलासा होता, नागपूरकडचा. तो धावत यायचा.

"बाई, चला उठा! मशीन सुरू झाली."

"सुरू झाली तं चालू दे. आमची बाई जेवून राहिली ना!"

"एका बाईसाठी साऱ्या कायले बसल्या?"

"तुया मायले विचार घरी जाऊन, कायले बसते तं."

तो बिचारा डोक्याला हात लावून परत जाई. ही मात्र घास चावत म्हणे, "भाऊ, तू बी ये ना, बस. उभ्यानं डोकं दुखते." एकदा तो खरंच बसला आणि त्यानेही एक वडी खाल्ली. त्यानंतर त्याचं ओरडणं थोडं मऊ झालं.

मला त्या गोलात काय मिळत होतं, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, काय मिळणार, जेवण! पण संध्याकाळी गावात शिरलो की ती देवळाच्या वाटेने वळायची आणि मी विहाराच्या. मग उद्या दुपारी आणखी काय काय सांगायचं ते मी भात शिजवताना मनात जुळवत बसायची. माझा मालक विचारायचा, "एकटीच काहून हसून राहिली वो?"

दिवाळी झाली की नवा धान यायचा आणि गिरणी अंधार पडेपर्यंत चालायची. आम्ही थांबायचो. जादा तासांचेही पैसे मिळत, पण साध्याच दराने. एकदा कामगार खात्याचे एक साहेब आले, चष्मेवाले, शांत. त्यांनी सगळ्या बायांना समोर बसवून सांगितलं की नऊ तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दर द्यावा लागतो, आणि सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती द्यावीच लागते. ती कोणी मेहरबानी म्हणून देत नाही, तो तुमचा हक्क आहे. आम्ही एकमेकींकडे पाहायला लागलो. इतके दिवस आम्हाला वाटायचं, जेवायला सोडतात म्हणजे शेठ मनाचा मोठा.

मग आम्ही दुप्पट मागितलं. मीही त्यात होते, पुढेच होते. शेठ तसा वाईट माणूस नव्हता. दोन-चार दिवस त्याने तोंड पाडलं, मग हो म्हणाला. पण म्हणाला, "बाई, मलेही हिशेब पाहावा लागते. दुप्पट देतो, पण मशीन आता दुपारी बंद राहणार नाही. तुम्ही दोन पाळ्यांत जेवा. अर्ध्या आधी, अर्ध्या मागून. नाहीतर साऱ्या संगच जेवा, मशीन बंद ठेवतो, पण तेवढा वेळ संध्याकाळी उशिरा सुटा."

आणखी उशिरा सुटलं की लांबच्या गावांवरून येणाऱ्या बायांची शेवटची एसटी चुकायची. त्यांना तर घरी पोहोचायलाच हवं होतं. मला वाटत होतं, हिने तरी काही म्हणावं. ती म्हणाली, पण माझ्या मनातलं नव्हे.

"होऊ द्या ना दोन पाळ्या. मायासाठी कोणाची गाडी चुकावी काय? मी खाईन जरा भराभर."

"तू अन् भराभर!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच ठरून गेलं.

आता पाळ्या कशा पाडायच्या? सुपरवायझरने विचारलं, आणि आम्हीच म्हणालो, पट्ट्याच्या या बाजूच्या आधी, त्या बाजूच्या मागून. सोपं होतं. एक बाजू उठली तरी दुसरी बाजू दाणे उचलत राहील. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. घरी जाताना रस्त्यात माझ्या लक्षात आलं. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. आवाजात ओठांवरून बोलणं वाचता यावं म्हणून मुद्दाम समोरासमोर जागा धरल्या होत्या. म्हणजे ती या पाळीत आणि मी त्या.

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरला म्हटलं, मला त्या बाजूला बसव. तो म्हणाला, "बाई, तुमाले बदललं तं उद्या साऱ्याच म्हणतीन. जावा-जावा एका बाजूले, नणंदा दुसऱ्या बाजूले. मी काय लग्न लावून राहिलो काय?" त्याचंही खोटं नव्हतं.

ते साहेब पुन्हा एकदा आले, दुप्पट मिळतं की नाही ते पाहायला. मी धीर करून त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, साहेब, अर्धा तास मिळतो, पण आम्हाला संगं जेवायचं आहे. ते कायद्यात बसते काय? त्यांनी चष्मा काढून पुसला. हसले नाहीत, ही त्यांची भलाई. म्हणाले, "बाई, कायदा अर्धा तास देतो. कोणासोबत, ते देत नाही."

मी बरं म्हटलं आणि पट्ट्यापाशी जाऊन बसले. समोरून तिने ओठांनी विचारलं, काय म्हणे? मी ओठांनीच सांगितलं, काही नाही.

त्यानंतर आमची भेट नळावर. तिचे हात खरकटे, माझे धुतलेले. ती परत येतेय, मी निघालेय. ती लुगड्याच्या ओच्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढायची आणि माझ्या डब्यावर ठेवायची. मी चटणी बोटावर घेऊन तिच्या पुढे धरायची. मागून आवाज यायचा, रस्ता सोडा, रस्ता सोडा. भोंगा झाला की आता सगळ्या उठायच्या. अर्ध्याच बाया, अर्धाच गोल, त्यात कोणी कोणासाठी थांबत नसे. ती भराभर खायला शिकली म्हणे. मी ते पाहिलं नाही. मला तर खरंही वाटलं नाही.

दुप्पट पैसे मिळाले, ते बरंच झालं. मी कोणाला सांगणार नाही की तो हक्क सोडा. हक्क मागितला नसता तर आजही आम्ही जेवायला सोडण्याबद्दल शेठला दुवा देत बसलो असतो. पण मनाला हे समजावून सांगता येत नाही. मन त्या टिनाच्या सावलीत जाऊन बसतं.

पुढे गिरणीत रंग ओळखणारं यंत्र आलं. काळा दाणा दिसला की हवेच्या झोताने तो उडवतं म्हणतात. पट्टा गेला, बाया गेल्या. आम्ही दोघी पुन्हा गावात, ती देवळामागे, मी विहाराकडे. राशनच्या रांगेत भेटतो, दवाखान्यात भेटतो, बोलतो पोटभर. पण जेवण कुठे? तिचा मुलगा माझ्याशी अगदी आदराने बोलतो. मला बसायला खुर्ची देतो. ओसरीवर.

मागच्या आठवड्यात राशनच्या दुकानात मी तिला सरळच म्हटलं, "ऐतवारी मायाकडे जेवायले ये."

ती इकडेतिकडे पाहून म्हणाली, "यीन ना. पण सुनेले काय सांगू?"

"सांग, ओव्हरटाइम हाय म्हणून."

ती इतकी हसली की दुकानाच्या खांबाला धरून उभी राहिली. दुकानदार म्हणाला, "काय झालं वो, बुढ्याहो?"

रविवारी मी पहाटेच उठले. वड्या केल्या, तिच्यासारख्या होत नाहीत, तरी केल्या. झिंगे भाजले. नातीने विचारलं, आज कोण येणार आहे? मी म्हटलं, माझ्या कंपनीतली.

ती आली. ऊन उतरायला लागल्यावर आली, काठी टेकत, डोक्यावरून पदर घेऊन. मी ताटं मांडायला उठले तर माझा हात धरला.

"मी जेवून आलो वो. सुनेनं वाढलं होतं, उठता नाही आलं." मग खाली पाहून म्हणाली, "तू जेव ना. मी बसतो."

मी जेवले. ती समोर भिंतीला टेकून बसली आणि म्हशीचं, सुनेचं, गुडघ्याचं सांगत राहिली. आता मशीन नव्हती, ओठ वाचायचे नव्हते, शब्दनशब्द ऐकू येत होता. तरी मी तिच्या ओठांकडेच पाहत होते. पाणी दिलं, ते ती प्यायली. चहा दिला, तोही घेतला. वडीला हात लावला नाही. वड्यांकडे एकदा पाहिलं मात्र.

निघताना दारात मी म्हटलं, "पुढच्या ऐतवारी उपाशी ये."

"पाहतो," ती म्हणाली. दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "चिंच कमी पडली असंल तुयी. वासावरून समजते."

म्हटलं, "खाऊन सांगायचं असते ते."

ती काठी टेकत गल्लीच्या वळणापर्यंत गेली आणि देवळाच्या वाटेला लागली. मी दारातच उभी होते. काल बाजारातून येताना आणखी चिंच घेऊन आले आहे.